द्याल का?

माझे वडील फायनल पास होते, म्हणजे त्यांना इंग्रजीचा एकही धडा झालेला नव्हता. आजच्या मुलांना हे वाक्य उलगडून सांगावं लागतं. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी सातवीची परीक्षा. ती पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तर होता येई, तलाठी होता येई, गावातले लोक पत्र वाचून घ्यायला दारात येत. पण तिच्यात इंग्रजी नसे. इंग्रजी हवं तर अलिबागच्या हायस्कुलात जायचं, आणि रेवसहून अलिबाग बावीस-तेवीस किलोमीटर. 1946 साली बाबांनी दुसरी वाट धरली. रेवसच्या धक्क्यावर बोटीत बसले आणि मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरले. आमच्या गावांना पाण्याच्या वाटेनं मुंबई कायमच जवळची. भाजी, मासळी, दूध आणि माणसं, सगळं त्याच वाटेनं जायचं.

फोर्टातल्या एका हॉटेलात ते मोरीवर बशा धुवायला लागले. पुढे पॅण्ट्री, मग वेटर. बत्तीस वर्षं त्यांनी ते काम केलं. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. पुठ्ठ्याची, काळ्या कापडी कण्याची, हिशेबाला वापरायचे तसली. मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर गेली अकरा वर्षं मांडवा, सासवणे, किहीमच्या हॉटेलांतल्या मुलामुलींना संध्याकाळी शिकवते. त्यांच्यासाठी मला या वहीपेक्षा चांगलं पुस्तक सापडलेलं नाही.

वहीतलं इंग्रजी कुठून आलं हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

साहेबाच्या घरी आणि हॉटेलात चाकरी करणाऱ्यांचं इंग्रजी कुणी शिकवलेलं नव्हतं, ते ऐकून घडलं. मद्रासेकडच्या बटलरांच्या बोलीला साहेबानं बटलर इंग्लिश असं नावच ठेवलं. यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यात ‘टेलिंग’ म्हणजे सांगेन आणि ‘डन टेल’ म्हणजे सांगितलं. कोशकारांना ते मोडकंतोडकं वाटलं. मला त्यात नियम दिसतो. एक रूप पुढच्या कामाला, एक झालेल्या कामाला. चहा आणतोय की आणला, एवढंच सांगायचं असतं तेव्हा ते पुरतं. पुढे प्रिया होसाळी यांनी या बोलीचा भाषाशास्त्राच्या अंगानं अभ्यास केला, तेव्हा कुठे कुणीतरी तिच्याकडे टिंगल सोडून पाहिलं.

मुंबईच्या हॉटेलांनी भाषेचा प्रश्न आधी वेगळ्याच रीतीनं सोडवला होता. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलानं, जे 1871च्या सुमारास सुरू झालं, वाढायला विलायतेहून बायका आणल्या होत्या. 1903च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हा तिथंही इंग्रज बटलर होते. पण खालची सगळी फळी देशी, आणि तिच्यात वरचढ गोवेकर. धोबीतलाव, माझगावच्या कुडांत गावागावाचे गोवेकर एकत्र राहत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली खोली. बोटीवर किंवा हॉटेलात काम मिळेपर्यंत तिथं पाठ टेकायची. त्यांना पाद्र्याच्या शाळेमुळे थोडं इंग्रजी असे, घरात कोकणी, आणि त्यामुळे आमच्या माणसांशी बोलणं जुळे. बाबांचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, असाच एक गोवेकर होता. बाबा त्यांना शेवटपर्यंत ‘मास्तर’ म्हणत, आणि कुठल्या शाळेतल्या मास्तरांविषयी बोलतानाही त्यांचा आवाज तसा होत नसे.

दुसरे मास्तर छापील होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. बाबांनी तिचा पहिला भाग फुटपाथवर जुना घेतला. आधी शब्द, मग नियम, मग मराठी वाक्यं इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्यं मराठीत करायची. महाराष्ट्रातल्या किती कारकुनांनी, कंपाउंडरांनी, बोटीवरच्या खलाशांनी या पुस्तकावर इंग्रजी केलं असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. रात्री अकराला पॅण्ट्री बंद झाली की बाबा धुतलेल्या ओट्यावर बसून धडे करत. तर्खडकरांत ऑम्लेट नव्हतं, टॉवेल नव्हता, बिल नव्हतं. म्हणून वही.

वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात साहेब काय म्हणतो ते देवनागरीत, ऐकू आलं तसं. दुसऱ्यात मराठी. तिसऱ्यात काय करायचं. ‘सनी सैडप’, पुढे ‘अंडं, पिवळं वर’, पुढे ‘उलटायचं नाही, ताट तापवून’. ‘टर्न डौन’, पुढे ‘रात्रीची गादी’, पुढे ‘चादरीचा कोपरा मोडायचा, पडदा ओढायचा, पाणी झाकून’. पहिल्या दहा पानांत असंच आहे. अकराव्या पानावर मात्र त्यांनी अख्खा प्रसंग लिहिलाय.

एका पाहुण्यानं विचारलं, ‘डोण्ट यू हॅव फिश टुडे?’ त्या दिवशी मासळी आली नव्हती. बाबा म्हणाले, ‘येस सर.’ आपल्याकडे ‘आज मासे नाहीत का?’ असं विचारलं की आपण म्हणतो, ‘हो, नाहीत.’ पाहुण्याला वाटलं मासा आहे. तो नॅपकिन मांडीवर पसरून थांबला. अर्ध्या तासानं त्यानं आवाज चढवला, मग मॅनेजर आला, आणि बाबांचा दोन दिवसांचा पगार कापला गेला. मास्तर त्यांना पॅण्ट्रीत घेऊन गेले. वहीत पुढे आहे ते बहुधा मास्तरांचंच बोलणं: ‘प्रश्नाकडे बघायचं नाही. माशाकडे बघायचं. मासा आहे, येस. मासा नाही, नो.’

मी बी. एड. केलं, दोन भाषांतल्या फरकांवर व्याख्यानं ऐकली. मराठीतला होकार विचारणाऱ्याच्या वाक्याला दुजोरा देतो आणि इंग्रजीतला वस्तुस्थितीला, हे इतक्या थोडक्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

या वर्षांतच एक सकाळ अशी आली की तिचं वहीत काही नाही, फक्त तारीख आहे. 17 जुलै 1947. गटारी अमावास्या होती. मुंबईत घरकामाला, गिरणीत, हॉटेलात असलेली आमच्याकडची माणसं सणाला घरी निघाली होती. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला सुटली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बाबांची नाश्त्याची पाळी बदलून मिळाली नाही म्हणून ते त्या बोटीत नव्हते. आमच्या पट्टीत त्या दिवसाचं बोलणं निघालं की अजूनही आवाज खाली येतात. मुंबईची नोकरी म्हणजे काय याचा अर्थ त्या पाण्यावर ठरलेला होता, आणि बाबा त्यानंतरही तीस वर्षं त्याच पाण्यावरून ये-जा करत राहिले.

वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान 1950चं. मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली होती. परदेशी पाहुण्यालासुद्धा परमिटाशिवाय दारू देता येत नसे. म्हणजे कालपर्यंत ज्याला फक्त ‘येस सर’ म्हणायचं, त्याच्याकडे आज वेटरनं कागद मागायचा. मास्तरांनी वाक्य दिलं: ‘कुड यू शो मी युअर परमिट, सर?’ बाबांना ते पटेना. तर्खडकरांत कुड म्हणजे ‘शकला’, भूतकाळ. परमिट तर आत्ता बघायचं आहे. वहीत पेन्सिलीनं लिहिलंय: ‘कुड = शकलात. मग हे काय?’ त्याखाली वेगळ्या, निळ्या शाईत, म्हणजे नंतर कधीतरी:

‘परमिट दाखवाल का? दाखवाल म्हणजे उद्या नव्हे. तरी भविष्य. तसंच ते.’

मी हे पान पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा चाळिशी उलटली होती माझी. आपण ‘दाखवा’ म्हटलं तर तो हुकूम. ‘दाखवाल का’ म्हटलं की विनंती. काळ भविष्याचा, काम आत्ताचं. इंग्रज त्यासाठी क्रियापद मागच्या काळात नेतो, आपण पुढच्या. दोघंही चालू काळ टाळतात, कारण समोरच्याच्या तोंडावर काम टाकायचं नसतं, त्याला नाही म्हणायला जागा ठेवायची असते. सातवी पास माणसानं हे पॅण्ट्रीत उभ्या उभ्या ओळखलं, आणि ते ओळखता आलं कारण त्याच्या डोक्यात दोन्ही भाषा एकमेकींशेजारी मांडलेल्या होत्या.

नेमकं तेच पुढच्या काळात शिकवणाऱ्यांनी मोडलं असं माझं मत आहे, आणि त्यात मीही होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून झालं. आम्ही शिक्षक झालो तेव्हा व्याकरण-भाषांतर पद्धती जुनाट ठरली होती. प्रत्यक्ष पद्धती, रचना पद्धती हे परवलीचे शब्द. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द तोंडातून गेला तर पाठ घेणाऱ्या विद्यार्थिशिक्षकाचे गुण जात. उद्देश चांगला होता, मुलांच्या कानावर इंग्रजी पडावं. पण बोडणीच्या कोळ्याचं पोर वर्गात गप्प बसायला शिकलं ते या पद्धतीत. त्याची घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी, आणि तिसरी भाषा अशी की जिच्याशी यातल्या कुठल्याच भाषेचं नातं सांगायचं नाही. 2000 साली राज्यात इंग्रजी पहिलीपासून आलं तरी ही गाठ सुटली नाही.

हॉटेलाचं शिक्षणही एव्हाना शाळेत आलं होतं. 1954 साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाची देशातली पहिली संस्था निघाली; आज ती दादरला आहे. खानपान, गृहव्यवस्था, स्वागतकक्ष हे रीतसर विषय झाले. बाबांच्या पिढीचं शिक्षण ओट्यावर झालं होतं, पुढची पिढी वर्गातून येऊ लागली. मात्र तो अभ्यासक्रम इंग्रजीतला, म्हणजे दारातून आत यायलाच इंग्रजी लागे. चादरीचा कोपरा मोडणारी मावशी आणि मासे साफ करणारा पोऱ्या दाराबाहेरच राहिले.

सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला आणि कोकणातल्या घराघरातून माणसं तिकडे गेली. कुणी सुकाणीवर, कुणी भटारखान्यात. जगभरच्या इंग्रजी शिकवणाऱ्यांतही याच सुमारास एक विचार मूळ धरत होता की परिचारिकेला, वैमानिकाला, वेटरला सगळं इंग्रजी नको, त्यांच्या कामाचं इंग्रजी द्या. हचिन्सन आणि वॉटर्स यांचं यावरचं पुस्तक 1987चं. तेही त्या वाढीचं एक कारण तेल असंच सांगतात. समुद्रावर तर हे आधीच निकडीचं झालं होतं. जहाजावरच्या चुकीच्या शब्दानं माणसं मरतात, म्हणून 2001 साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं ठरीव वाक्यांचा संच मंजूर केला. माझ्या वर्गातल्या दोघा-तिघांचे भाऊ मर्चंट नेव्हीत आहेत, ते सुट्टीला आले की ही वाक्यं धडाधड म्हणून दाखवतात.

पण कामापुरता शब्दसंग्रह ही कल्पना बाहेरून आली असं माझी मुलं समजतात, तेव्हा मी त्यांना ‘राज्यव्यवहारकोश’ सांगते. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली तो झाला. सुमारे चौदाशे शब्द, कामांच्या ठिकाणांप्रमाणे दहा वर्गांत. दुर्गवर्ग किल्ल्याचा, लेखनवर्ग दफ्तराचा, पण्यवर्ग बाजाराचा, आणि भोग्यवर्गात खाण्यापिण्याचे, उपभोगाचे. दरबारातले फारसी शब्द बदलायचे म्हणून केलेला कोश, पण रचना बघा, ज्याचं जे काम त्याला ते पान. बाबांच्या वहीची तीच रचना आहे.

आणि दुभाष्याचं काम किती जुनं, हे सांगायला रायगडच पुरतो. 1674च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघून, चौल-रोह्याच्या वाटेनं, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी गडावर गेला. बोलणी पुढे सरकली ती इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याच्या तोंडून. त्या काळचा इंग्रज प्रवासी डॉक्टर फ्रायर याच्या पुस्तकात या मुक्कामाची एक हकीकत आहे. इंग्रजांना रोज मांस लागे. ते पुरवणारा खाटीक म्हातारा होता, तरी एवढा गड चढून वर आला, कशासाठी, तर इतक्या वर्षांत खपलं नाही इतकं मांस ज्यांनी महिनाभरात खाल्लं ती माणसं डोळ्यांनी बघायला. मुलं हसतात. मग मी विचारते, तो म्हातारा तिथं उभा आहे, साहेब विचारतोय हा कोण आणि का आलाय, तुम्ही नारायण शेणवी, साहेबाला काय सांगाल? म्हाताऱ्याचा मान राहिला पाहिजे, साहेबाचाही, आणि खोटं बोलायचं नाही. यावर तासभर जातो. या एका प्रश्नातून मुलं जेवढं इंग्रजी धडपडून काढतात तेवढं महिन्याच्या पाठांतरातून निघत नाही.

पाठांतराचं सांगते. 2020 साली मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाड्या बोटीतून उतरू लागल्या, आणि आमच्या पट्टीत रिसॉर्टांची संख्या डोळ्यांदेखत वाढली. रेवसच्या लाँच आता पूर्वीइतक्या भरत नाहीत. पाहुणा मांडव्याला उतरतो, मासे मात्र अजून बोडणीहूनच जातात. एका रिसॉर्टानं मुंबईहून प्रशिक्षण देणारी मंडळी आणली. त्यांनी साठ वाक्यं दिली, पाठ करा म्हणून. वर्गात मराठी बोललं तर दहा रुपये दंड. तिथली खोल्या आवरणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिची आई माझ्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे ती मला मॅडम न म्हणता बाई म्हणते. म्हणाली, ‘बाई, साठच्या साठ पाठ हायत. पन पावना एकसष्टावा इचारतो.’

मी तिला वहीतलं परमिटाचं पान दाखवलं. मग आम्ही तिच्याच दिवसातली वाक्यं घेतली. ‘खोली आवरू का?’ यातला ‘आवरू’ बघ, म्हटलं, तू परवानगी मागतेस, म्हणून ‘मे आय’ किंवा ‘शॅल आय’. ‘जरा सरकाल का?’ म्हणजे ‘कुड यू’. ‘घ्या ना’ यातला ‘ना’ फार कामाचा. आपल्याकडे प्लीजला रोजचा शब्द नाही, कृपया फक्त पाटीवर असतो, म्हणून आपली मुलं इंग्रजीत उर्मट वाटतात. उर्मट नसतात. त्यांचं प्लीज ‘ना’मध्ये, ‘-ल का’मध्ये, तुम्ही-आपणमध्ये असतं, आणि शब्दाला शब्द लावून नेताना ते मराठीतच राहून जातं. ‘पाणी घ्या ना’ याचं ‘टेक वॉटर’ झालं की ‘ना’चं काय झालं, एवढं विचारायची सवय लागली की पोर सुटलं.

उलट्या दिशेचं भाषांतर अजून अवघड, आणि ते कुठल्याच प्रशिक्षणात नसतं. पाहुण्याला इथलं सांगायचं असतं. जिताडा घ्या. खाडीत, खारातल्या तळ्यांत वाढणारा हा मासा आमच्याकडे मानाचा. जावयाला, अधिकाऱ्याला, ज्याच्याकडे काम आहे त्याला देण्याचा. त्याला बॅरामंडी म्हणतात, पाहुण्यानं तो सिंगापूरला खाल्लेला असतो. बॅरामंडी म्हटलं की मासा कळतो, मान कळत नाही. मग वाक्य करायचं. मुलांनी केलं, त्याचा अर्थ असा होतो: हा बॅरामंडी, पण आमच्या खाडीतला, आमच्याकडे घरी मोठा पाहुणा आला की हाच. बस. एवढ्यात पाहुण्यालाही कळतं की तो आता मोठा पाहुणा आहे.

पोपटीला मात्र इंग्रजी नाव द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, आणि थंडीतल्या रात्री शेतावरची आग. बार्बेक्यू म्हटलं की मडकं जातं. बेक म्हटलं की शेत जातं. पोपटी म्हणायचं आणि आग पेटलेली असताना सांगत जायचं, हातात शेंग देत. कुठला शब्द तसाच ठेवायचा हे ठरवता येणं हा भाषांतराचा मोठा भाग आहे, आणि ते ठरवायचा हक्क त्या पदार्थाबरोबर वाढलेल्या माणसाचा आहे. साठ वाक्यं लिहून पाठवणाऱ्याचा नाही.

गेल्या मार्गशीर्षात मी बोडणीला मासे आणायला गेले होते. तीच मुलगी दोन पाहुण्यांना घेऊन आलेली. बाई उतारवयाची, परदेशी, नवरा आपल्याकडचाच पण मराठी न येणारा. एका कोळणीपुढे बसून ती बाई टोपलीत बघत होती. तिनं मुलीकडे वळून विचारलं, ‘डझण्ट शी हॅव एनी जिताडा?’ नाव तिनं आदल्या रात्री शिकून घेतलेलं असावं. मुलीनं कोळणीला विचारलं, ‘मावशे, जिताडा नाय का गो आज?’

मावशी कोयता पुसत म्हणाली, ‘हो, नाय.’

मुलीनं टोपलीत पाहिलं. मग बाईकडे वळली. ‘नो मॅम,’ म्हणाली, ‘नॉट टुडे. वुड यू लाइक टू सी द बोंबील?’